बांधाची माया

घोयऱ्याचं पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याची वाट पाहणारं तिथं कुणीच नसतं. मादी एरवी सहसा झाड सोडत नाही. अंडी घालायची वेळ आली की मात्र ती जमिनीवर उतरते, भुसभुशीत, ओलसर जागा बघून पायांनी माती उकरते, बिळात अंडी घालते, माती पुन्हा आत लोटते, दाबून सारखी करते आणि झाडावर निघून जाते. त्यानंतर ती त्या जागी फिरकत नाही. एका वेळी साधारण दहा ते तीस अंडी. पुढचे कित्येक आठवडे त्यांना ऊब मातीची आणि ओलही मातीचीच. दिवस भरले की पिल्लं आतून कवच फाडतात, डोक्यावरची माती सारत वर येतात आणि जवळच्या झुडपात शिरतात. भूक लागली की आपली शिकार आपणच करायची. नेम कसा धरायचा, धोका कसा ओळखायचा, हे शिकवायला कुणी नाही. जे लागतं ते घेऊनच ती येतात.

हे आपल्याला चटकन पचनी पडत नाही. आपली मायेची सगळी कल्पना कुशीतून, दुधातून, मांडीवरच्या थोपटण्यातून आलेली. वासराला धार पाजता येते, चिमणीच्या पिल्लाला भरवता येतं, मांजराचं पोर पदराखाली घेता येतं. घोयऱ्याच्या पिल्लाला यातलं काहीच कळत नाही आणि नकोही असतं. असं एखादं अशक्त पिल्लू समोर आलं तर त्याला सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं? लोणी काळभोरला आमच्या शेताच्या बांधावर हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि त्याचं उत्तर मला बांधानंच दिलं.

आधी घोयऱ्याची ओळख. कुंपणावर बसून मान वरखाली करणारा, चाहूल लागताच सुळकन पळणारा तो आपला नेहमीचा सरडा वेगळा. घोयरा त्याच्या दूरच्या नात्यातला. काही भागांत त्याला सरडगुहिरा म्हणतात, शहरातली मुलं शॅमेलिऑन म्हणतात. अंगानं दोन्ही बाजूंनी चपटा, डोक्यावर उंचवटा, शेपूट फांदीला वेढा घालणारी, आणि चाल इतकी सावकाश की एक पाऊल टाकायच्या आधी तो वाऱ्यावर हलणाऱ्या पानाच्या लयीत पुढेमागे डुलतो. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात. भारताच्या वाट्याला ही एकच जात आली. १७६८ साली लॉरेंटी या युरोपीय अभ्यासकानं तिची शास्त्रीय नोंद केली. आपल्या बोरी-बाभळींवर मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे.

आणि लोणी? पुण्याहून सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडलं की पुढे आमचं गाव. एका अंगाला मुळा-मुठेचं पात्र, दुसऱ्या अंगाला रामदऱ्याकडच्या टेकड्या, आणि मधून खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा. या कालव्याच्या पाण्यावर इथं ऊस उभा राहिला, भाजीपाला पिकला, फुलशेती आली. पंढरीला निघालेली तुकोबांची पालखी पुणं सोडलं की आमच्याकडे मुक्कामाला असते. त्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते. गेल्या काही वर्षांत हायवेच्या कडेनं गोदामं, डेपो, मोठमोठी महाविद्यालयं आणि इमारती उभ्या राहिल्या. तरी आत शिरलं की अजून वावरं आहेत, आणि दोन वावरांच्या मधे बांध आहेत. कुठं बोर, कुठं करंज, मधूनच रुई नि घाणेरी, असा कुणी न लावलेला आणि म्हणून कुणी न जपलेला हिरवा पट्टा.

अशाच एका बांधाच्या कडेनं ठिबकची पाइपलाइन टाकायला चर खणणं चाललं होतं. सकाळी दव पडायचे दिवस. कुदळीच्या घावासरशी मातीचं एक ढेकूळ उलटलं आणि त्याखाली पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी दिसली. काही नुसतीच कवचं होती. त्यातली पिल्लं आधीच बाहेर पडून झुडपात गेली असावीत. काही अंडी अजून भरलेली होती आणि त्यांच्यावर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. पिल्लू बाहेर यायच्या काही तास आधी अंड्यांना असा घाम फुटतो. आणि या सगळ्याच्या कडेला, मोकळ्या मातीवर, एक पिल्लू आडवं पडलेलं होतं.

आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या मावशींनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला हाक मारली. मी वाकले तशा त्या म्हणाल्या, "ताई, हात नका लावू. इखारी असतं ह्ये. त्यानं फुंकर मारली तर मानूस आंधळं हुतं म्हणत्यात."

सासूबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर सप्ताहात भागवत ऐकलेलं. त्या म्हणाल्या, "आंधळंबिंधळं कुणी होत नाही गं. सरडा म्हणजे नृगराजा. त्याला मारू नये."

नृगाची गोष्ट गावातल्या पुष्कळ बायकांना ठाऊक असते. नृग मोठा दानशूर राजा. एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून परत राजाच्या कळपात आली आणि त्यानं ती नकळत दुसऱ्याला दान केली. त्या दोषापायी त्याला सरड्याचा जन्म आला आणि तो द्वारकेजवळच्या कोरड्या विहिरीत पडून राहिला. यादवांच्या पोरांनी दोर लावून त्याला ओढून काढायचा प्रयत्न केला, तो काही निघाला नाही. मग कृष्ण आला, त्यानं डाव्या हातानं त्याला सहज वर उचललं, आणि त्या स्पर्शानं राजा मुक्त झाला. मावशींनी ही गोष्ट ऐकली, पदर सावरला आणि पुढं येऊन बसल्या. शास्त्राची शपथ घालूनही जी भीती गेली नसती ती कथेनं गेली. घोयरा विषारी नाही, त्याची फुंकर कुणाला आंधळं करत नाही, हे मग मी सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं. भरलेली अंडी आम्ही जशी होती तशीच, वरची बाजू वरच ठेवून, बांधाच्या सावलीतल्या मातीत पुन्हा झाकली. सरपटणाऱ्या प्राण्यांचं अंडं उलटवायचं नसतं. आतला जीव एका बाजूला धरून वाढत असतो, उलथापालथ झाली तर तो दगावू शकतो.

पिल्लू जवळून पाहिलं. शेपटीसकट माझ्या करंगळीपेक्षा लहान. अंगाचा रंग राखाडी, बरगड्यांच्या बाजूची कातडी सुरकुतलेली. घोयऱ्याचा डोळा पापणीनं जवळजवळ पूर्ण झाकलेला असतो, मधे फक्त टाचणीनं पाडावं तेवढं छिद्र. त्यातून तो बघतो, आणि दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवू शकतो. या पिल्लाचे डोळे मिटलेले आणि खोल गेलेले होते. भर दिवसा घोयऱ्यानं डोळे मिटून राहणं हे दुखण्याचं लक्षण, आणि खोल गेलेले डोळे म्हणजे अंगात पाणी कमी. पोटावर, बेंबीच्या जागी, पिवळसर ठिपका अजून ओला दिसत होता. अंड्यातला बलक शोषून व्हायच्या आत ते बाहेर आलं असावं. कवच फुटल्यावरही पिल्लू बराच वेळ आतच थांबतं आणि तेवढ्यात उरलेला बलक पोटात घेतं. तीच त्याची पहिल्या दिवसांची शिदोरी. कुदळीनं तेवढी उसंत त्याला दिली नव्हती.

घोयरा पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो फार काळ तगतही नाही. असा प्राणी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं, आणि पुण्यात बावधनला वन विभाग नि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांचं वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र आहे. वन्यजीवांचं काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याशी माझं बोलणं झालं. तो लांब होता, सकाळी येतो म्हणाला. तोवर काय करू, असं मी विचारलं. त्यानं जे सांगितलं त्यातलं बरंचसं काय करू नये हेच होतं. "ताई, तोंडात पाणी घालू नका. बल्बखाली ठेवू नका. हातात घेऊन बसू नका. काही भरवू नका."

प्रत्येक नकारामागं कारण होतं. एवढ्याशा जिवाच्या तोंडात घातलेला थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. बल्बची धग आधीच आटलेलं अंग आणखी आटवते. काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवलं तर ते घटकाभरात भाजून निघतं, आणि हाडांना लागणारे उन्हातले किरण काच आत येऊही देत नाही. माणसाचा हात त्याला शिकाऱ्याच्या पकडीसारखाच वाटतो. आपण ऊब देतोय असं आपल्याला वाटतं, तेव्हा ते भीतीनं आतून खचत असतं. आणि पोटात बलक शिल्लक असताना त्याला अन्नाची घाई नसते.

त्याला काय हवं ते त्यानं स्वतःच दाखवलं. मातीवरून उचलताना मी बोट पुढं केलं, पण बोटावर त्याची पकड बसेना. घोयऱ्याच्या पायाची बोटं दोन जुडग्यांत विभागलेली असतात, एकीकडे दोन आणि दुसरीकडे तीन, असा चिमटा. फांदी धरायलाच घडवलेला पाय. माझं बोट त्या चिमट्याला फार जाड होतं. सासूबाईंनी करंजाची काडीएवढी डहाळी पुढं केली. पुढचा एक पाय तिला टेकला आणि मिटला. मग दुसरा. मग शेपटीचं टोक हळूहळू वळलं आणि डहाळीला अर्धा वेढा घालून थांबलं. डोळे अजून मिटलेलेच होते, पण पायांना त्यांचं घर ओळखू आलं होतं. आम्ही तिघी काही न बोलता ते बघत राहिलो.

आता त्याला रात्रीपुरती एक फांदी हवी होती, पानांची, ताजी, आणि औषध न मारलेली. लोणीच्या शिवारात हे किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. वांग्यावर फवारणी झालेली, फ्लॉवरवर झालेली, शेवंतीवर तर आठवड्याला होते. घरापुढच्या जास्वंदीवर मावा पडला म्हणून तिच्यावरही औषध मारलेलं. ज्याच्या पानावरचं पाणी एवढासा जीव निर्धास्त पिऊ शकेल असं झाड शोधत आम्ही फिरत फिरत शेवटी त्याच बांधावर परत आलो. तिथल्या झुडपांवर औषध मारायचा खर्च कुणी करत नाही. म्हणूनच ती स्वच्छ राहिली होती. करंजाची फांदी तोडून पाण्याच्या बाटलीत रोवली, पिल्लू आत घसरून बुडू नये म्हणून बाटलीच्या तोंडाशी कापूस गच्च भरला. जेवणावर झाकायची मोठी जाळी वर ठेवली. खोलीत वारा येणार नाही, मांजर येणार नाही, दिवा लागणार नाही अशी जागा बघितली. कपड्यांवर पाणी मारायची बाटली धुऊन तिच्यातून पानांवर अगदी बारीक तुषार उडवले. घोयरा वाटीतलं साचलेलं पाणी ओळखत नाही. पानावरचा लुकलुकणारा थेंब दिसला तरच त्याला ते पाणी वाटतं. दव हाच त्याचा पाणवठा.

रात्री एकदा मी लांबूनच पाहिलं. ते फांदीच्या टोकाशी सरकलं होतं. घोयरे झोपायला मुद्दाम फांदीचं टोक निवडतात. साप किंवा दुसरं कुणी फांदीवरून आलं तर ती हलते आणि कळतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रंग फिका, जवळजवळ पांढुरका झाला होता, झोपेत तो तसा होतो. जिवंत आहे की नाही हे त्या रंगावरून कळेना, आणि हात लावून बघायचा मोह मोठा होता. शेपटीचा वेढा आता पूर्ण होता. तेवढ्यावर विश्वास ठेवून मी दार लोटलं.

सकाळी फांदी अंगणात आणली, जाळी काढली. कोवळं ऊन यायला लागलं तशी त्याची उन्हाकडची बाजू गडद होत गेली, पलीकडची फिकीच राहिली. आपण घोयऱ्याला रंग बदलणारा म्हणून नावं ठेवतो, माणसाच्या बेइमानीला त्याची उपमा देतो. खरं तर अंग गार असेल तेव्हा ऊन जास्त शोषून घ्यावं म्हणून तो काळवंडतो, तापला की उजळतो, रागावला, घाबरला, जोडीदार दिसला की वेगळा दिसतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते; स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग बदललेला दिसतो. जे आत चाललं आहे ते कातडीवर उमटू देणारा हा प्राणी. त्या सकाळी तो गडद होणारा रंग म्हणजे अंगात धुगधुगी आल्याची खूण होती.

मग एक डोळा उघडला. ते टाचणीएवढं छिद्र वर फिरलं, खाली फिरलं, आणि पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबावर येऊन थांबलं. दुसरा डोळा उघडला. मान पुढं आली, तोंड थेंबाला टेकलं, आणि गळ्याखालची कातडी हलली. पुन्हा हलली. इतकंच. पण सासूबाई माझा दंड धरून उभ्या होत्या आणि त्यांची पकड घट्ट झालेली मला जाणवली.

मावशींनी पपईची साल आणून फांदीखाली ठेवली होती. थोड्या वेळात तिच्यावर चिलटं जमली. पिल्लाचे दोन्ही डोळे एकाच चिलटावर स्थिरावले, ते डुललं, थांबलं, आणि जीभ सुटली. पहिला नेम चुकला. नंतरचा लागला. घोयऱ्याची जीभ अंगाहून लांब जाते. २०१० साली ख्रिस्तोफर अँडरसन आणि स्टीफन डेबन या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की गारठ्यात अंगाचे स्नायू मंदावले तरी शॅमेलिऑनची जीभ जवळजवळ तशीच वेगानं सुटते, कारण तिची ताकद आधी ताणून साठवलेल्या लवचिक तंतूंतून येते. जन्मून फार वेळ न झालेलं, अर्धवट बलकावर जगलेलं, रात्रभर गारठ्यात राहिलेलं ते पोर. आणि तरी ते शस्त्र त्याच्यापाशी तयार होतं.

कार्यकर्ता आला. त्यानं पिल्लाला हात न लावता फांदीच फिरवून पाहिलं. बेंबीची जागा सुकली आहे, डोळे भरून आले आहेत, पकड चांगली आहे, शिकार करतंय, मग केंद्रात नेण्यापेक्षा जिथलं आहे तिथंच सोडू, असं तो म्हणाला. फांदी तशीच बांधावर नेली, दाट करंजात अडकवली. पिल्लू आपल्या फांदीवरून शेजारच्या फांदीवर गेलं, दोन पानांआड झालं आणि आम्हाला पुन्हा दिसलं नाही. झाकलेल्या अंड्यांच्या जागी काही दिवसांनी माती वर आलेली होती.

अशा पिल्लांपैकी मोठी फार थोडी होतात. शिक्रा आहे, भारद्वाज आहे, साप आहेत, मांजरं आहेत. घोयरी इतकी अंडी घालते ती याच हिशेबानं. मग एकट्या पिल्लासाठी एवढी धडपड कशाला, असं कुणीही विचारेल, आणि प्रश्न योग्यच आहे. माझं उत्तर साधं आहे. शिक्र्यानं नेलं असतं तर तो निसर्गाचा व्यवहार होता. त्यात मी पडले नसते. हे पिल्लू आमच्या कुदळीनं वेळेआधी उघड्यावर आलं होतं. ज्या दुबळेपणाला आपला हात लागला आहे त्याची जबाबदारीही आपलीच. ते जगेल की नाही हे पुढचं. त्याला जगण्याची जी संधी होती ती त्याला परत द्यायची, एवढं आपल्याकडे लागतं.

ती संधी परत द्यायला मला काय काय लागलं, ते मी नंतर मनाशी मांडून पाहिलं. बारीक डहाळी. औषध न मारलेलं पान. पानावरचा थेंब. चिलटं. कोवळं ऊन, आणि तापलं तर सरकायला सावली. कुणी न हलवलेली माती. घरात हे सगळं जमवताना आम्हा तिघींची दमछाक झाली. बांध हेच रोज, शेकडो जिवांसाठी, कुणाच्या नकळत करतो. घोयऱ्याला आई नसते असं आपण म्हणतो, पण तिचं सगळं काम त्या काटेरी, ओबडधोबड पट्ट्यानं अंगावर घेतलेलं असतं. मादी तिथं अंडी ठेवून निघून जाते तेव्हा ती त्यांना टाकून जात नाही. ती त्यांना बांधाच्या स्वाधीन करून जाते.

आणि बांधच आक्रसत चालले आहेत. जमिनीला भाव आला तसा प्रत्येक जण आपल्या बाजूनं दोन बोटं कोरतो. प्लॉटिंग झालं की बोरी-करंज मुळासकट निघतात आणि सिमेंटचे खांब, तारा येतात. तारेवर दव पडतं, पण त्यावर राहणारं कुणी नसतं. जिथं झुडूप उरलं आहे तिथं साफसफाई म्हणून पाचटाबरोबर तेही पेटवलं जातं, आणि त्या आगीतून घोयरा पळू शकत नाही. त्याच्या चालीला पळणं माहीतच नाही.

शेजारच्या वावरवाल्यांशी मी हे बोलले तेव्हा त्यांनी रास्त अडचण सांगितली: झुडपाच्या सावलीनं कडेची ओळ मार खाते. मग आमच्यात ठरलं ते असं. दोघांच्या मधला पट्टा पेटवायचा नाही. उंची वाढली की वरून छाटायची, बुंधे नि खालची दाटी राखायची, आणि छाटायच्या आधी फांद्या हलवून, निरखून घ्यायच्या. कडेच्या ओळीवर फवारणी करायची तर वाऱ्याची दिशा बघून. आणि बांधालगत खणायचं झालं तर आधी खुरप्यानं वरची माती अलगद काढून बघायची. हे शेवटचं मावशींनी सुचवलं. आमची पाइपलाइन आता करंजाला वळसा घालून गेली आहे; त्यासाठी पाइप थोडा जास्त लागला. हा खर्च लोणीतल्या, थेऊरच्या, उरुळीच्या कुठल्याही शेतकऱ्याला परवडणारा आहे, आणि त्याच्या मोबदल्यात किड्यांपासून पिकाची राखण करणारा एक गडी त्याच्या बांधावर फुकट राहायला येतो.